दाराआडचा आवाज

तळोद्यात माझा स्टुडिओ आहे, म्हणजे एक खोली आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. गेल्या वर्षी तापीकाठच्या एका गावातली बाई आपल्या म्हाताऱ्या आईला तिथे घेऊन आली. हळदीची गाणी रेकॉर्ड करायची होती. आसपासच्या गावांत म्हातारीच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. पण ती विधवा, म्हणून मांडवात तिला जागा नव्हती. आतल्या खोलीत, दाराआड, तोंडाला पदर लावून ती गायची आणि बाहेरच्या बाया तिच्यामागे ओळ उचलायच्या.

माझ्याकडेही ती उघड्या दाराच्या फळीमागे, दाराआडच बसली. "मावशी, माइकसमोर या ना," मी म्हटलं.

"मी आठेच बससू. तू तुन्हं काम कर."

मी पुन्हा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला जेवायला जायची घाई होती.

हिवाळ्यात म्हातारी वारली. मग लेकीचा फोन आला. "मन्ही पोरनी हळद शे, भाऊ. मायनं गानं लावनं शे. या वखतले माय मांडवमा बसी."

मी हट्टाला पेटलो. जुन्या यंत्रांची नक्कल करणारे तीन इक्वलायझर प्लगइन, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारी सॉफ्टवेअरं, माझ्याकडे आहेत. पडद्यावर त्यांची बटणं झिजलेली, पत्र्यावर खोटे ओरखडे. माझ्यासारख्या माणसाला भुलवायला तेवढं पुरतं. दोन दिवस एकच ओळ तिघांतून ऐकत बसलो. पहिल्याने बेस भरला, पण शब्द गिळले. दुसऱ्याने मधला सूर पुढे आणला, आणि आवाज टोचायला लागला. तिसऱ्याने ट्रेबल इतका हळुवार उचलला की वाटलं, म्हातारीने पदर बाजूला केला. तोच घेतला. घुमारा कापला, दाराचा अडथळा काढला. आणि नेहमीच्या सवयीने कच्ची फाइल उडवून टाकली, कारण लॅपटॉपमध्ये जागा कधीच नसते.

लेकीने ऐकलं.

"साफ शे," ती म्हणाली. "पन मायना आवाज इतला जोडेतून कधीच ऐकू उना नही."

मला रागच आला. जवळून ऐकू यावा म्हणूनच तर दोन दिवस मान मोडून बसलो होतो. तरी लेक निघून गेल्यावर तिन्ही प्लगइनची बटणं उलटी फिरवून पाहिली. आवाज मंद झाला, पण लांब गेला नाही. जे कापलं होतं ते परत येणार कुठून?

हळदीला स्पीकर मीच घेऊन गेलो. मांडवात, नवरीच्या पाटाशेजारी ठेवला. गाणं सुरू झालं. पहिली ओळ संपली, आणि बाया गप्प. एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसरी ओळही तशीच गेली. नवरीच्या गालाला लावलेली हळद वाळत होती. एक म्हातारी हळूच म्हणाली, "हाई कोन गाई ऱ्हायनी?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला काय हवंय ते मला कळलं, आणि ते तिने मला करायला लावू नये असंही वाटलं.

स्पीकर उचलून मी आतल्या खोलीत नेला, जमिनीवर ठेवला आणि दार ओढून घेतलं. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. बाहेर बायांनी लगेच ओळ उचलली.

लेक माझ्यामागोमाग आत येऊन दाराशीच उभी राहून रडत होती. मावशीला बाहेर या म्हणून मी एकदाच म्हटलं होतं. आत मात्र तिला मीच नेऊन ठेवलं.