टेकाडावरचे चौदा डिग्री

"चौदा डिग्री आहे, पडदे उघडा," मी फोनवरून फर्मान सोडलं. परंदवडीच्या दत्ताभाऊंच्या पॉलीहाऊसमध्ये व्हॅलेंटाइनच्या ऑर्डरचे गुलाब कळीवर होते. पाकळीवर एक डाग दिसला तरी पेटी रिजेक्ट होते. तसं होऊ नये म्हणूनच भाऊंनी मला, म्हणजे हवामान सल्लागाराला, बोलावलं होतं.

नियम साधा होता. पॉलीहाऊसमधली हवा दमट असते. सकाळी बाहेर फार गारठा असताना बाजूचे पडदे उघडले, तर कळ्यांवर दव धरतं आणि दवावर बुरशी येते. म्हणून बाहेर बारा डिग्रीच्या वर गेल्याशिवाय पडदे उघडायचे नाहीत. पॉलीहाऊस टेकाडाच्या उतारावरून पार खालच्या सखल भागापर्यंत पसरलं होतं; तापमान बघायला मी टेकाडावरच्या ऑफिसच्या गच्चीत सेन्सर बसवला. कारण शास्त्रीय होतं: वाय-फायची रेंज तिथेच यायची.

तिसऱ्या दिवशी फुलं काढणाऱ्या सखूमावशींनी मला थांबवलं. त्या रोज सकाळी डोंगरावरच्या वाडीतून उतरून येत.

"सायेब, वर आमच्याकडं येवढं गार न्हाई. हितं खाली आलं की बोटं वळत न्हाईत."

मी त्यांना उभ्या उभ्या शिकवलं, की जितकं उंच जावं तितकं गार होतं.

"आसंल," म्हणून त्या कामाला लागल्या.

आठवड्याभरात खालच्या अंगाच्या कळ्यांवर ठिपके उठले. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत मी थर्मामीटर घेऊन स्वतः खाली गेलो. गच्चीवर चौदा, खाली नऊ.

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन निवते आणि तिला टेकलेली हवाही निवते. गार हवा जड, त्यामुळे ती पाण्यासारखी उतारानं सखलात येऊन साचते. उबदार हवा वर राहते. याला आम्ही इन्व्हर्जन म्हणतो. यावर मी कित्येक वर्षं ट्रेनिंगमध्ये रंगीत स्लाइड दाखवत आलोय. मला खरोखर लाज वाटली.

खालचा निम्मा प्लॉट ऑर्डरमधून गेला, वरचा वाचला. भाऊ रागावतील तर बरं, असं वाटत होतं. ते शांतपणे म्हणाले, "उद्यापासनं पडदे कवा उघडायचे ते मावशी ठरवतील. का उघडले, ते तुमी मागनं समजावा."

सल्लागाराच्या कामाची इतकी नेमकी व्याख्या मला आजवर कुणी सांगितली नव्हती.