चार गुण आणि फुटलेलं टोक

रायपूर राजधानी झालं त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, जो तो घरावर मजला चढवत होता, आणि माझी पोरगी बारावीत रसायनशास्त्रात नापास होऊन बसली होती. तो विषय शाळेत शिकवणारी मी! पुन्हा परीक्षा होती. त्यातही नापास झाली असती तर तिचं वर्ष बुडलं असतं.

टंगस्टनसारख्या धातूच्या अणूंमधल्या फटींत कार्बनचे चिमुकले अणू जाऊन बसतात. अशा संयुगाला तिच्या हिंदी पुस्तकात ‘अंतराकाशी यौगिक’ म्हणत. गुण चारच. अतिशय कठीण, सहजी न वितळणारं, वीज वाहून नेणारं, आम्लालाही दाद न देणारं. पोरगी दरवेळी तिसऱ्यावर अडकायची.

“काहून अटकते तू तिथंच?”

“मम्मी, याद नहीं रहता.”

त्यात अंगणात माझ्या बाबांचं ग्राइंडर घरघरत होतं. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर. शेजाऱ्याची, भिंतीला भोकं पाडायची ड्रिल बिट ते धारेला घेऊन बसले होते. तिचं टोक टंगस्टन कार्बाइडचं.

“बाबा, तुमच्या दगडानं हे नाही घासल्या जात!” मी ओरडले.

“तू मले शिकवून राहिली का?”

दगडाला खाच पडली, टोक जसंच्या तसं. चिडून त्यांनी आणखी दाबलं, ते लालभडक झालं, आणि पोलाद बुडवतात तसं सवयीनं पाण्यात बुडवलं. तडकन दोन तुकडे!

पोरगी पुस्तक टाकून धावली. “आबाजी, इतना कठोर है, तो टूटा क्यों?”

“पोलाद जरासं लवते बाई. हे लवतच नाही, मंग फुटते.”

“ते परीक्षेत येत नाही, चल अभ्यासाला!” मी म्हटलं. कोण ऐकतंय? त्यातून वीज जाते का ते बघायला दोघं टॉर्चचा सेल, बल्ब आणि वायर घेऊन बसले. तुकडा मध्ये धरला, बल्ब पेटला. माझी अख्खी दुपार फुकट गेली.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला.

“मम्मी, मैंने आबाजी वाला किस्सा लिख दिया.”

मी कपाळावर हात मारला. चार ओळी लिहायच्या होत्या, चार!

पोरगी पास झाली. मी पेढे आणले. पहिला पेढा उचलून ती माझ्यासमोरून अंगणात गेली. इतकी वर्षं मी शाळेत हे चार गुण लिहून देत होते, पण कार्बाइड कधी हातात धरलं नव्हतं. मला राग आला, आणि यावेळी तो माझ्यावरच होता. बाबांनी पेढा अर्धा मोडला नि म्हणाले, “जा, तुझ्या आईले दे.”