मामासासऱ्यांची खोटी माशी

अख्ख्या तापीकाठावर माशाला फसवण्याआधी हात जोडून माफी मागणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा मामासासरा होता. म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा मामा. गुडघाभर पाण्यात उभं राहून ते नदीला सांगायचे, "माय, तुझ्या लेकराची जरा थट्टा करतोय, राग मानू नको," आणि मगच गळाची काठी उचलायचे. मी दोन यत्ता शिकलेला, हातमागावर हयात घातलेला माणूस, मला लिहायची हौस नाही. पण या माणसाबाबतची एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही, आणि आता वय असं झालंय की ती गोष्ट माझ्याबरोबरच जाऊ नये असं वाटतं.

मामा एका लहानशा संस्थानात राजाच्या शिकारखान्यात नोकरीला होते. काम एकच, राजाच्या गोऱ्या पाहुण्यांसाठी खोट्या माश्या बांधायच्या. बारीक गळाला कोंबड्याच्या मानेचं पीस, मोरपिसाचा एक तंतू, वरून रेशमाचे चार वेढे, असं गुंडाळायचं की पाण्यावर पडलं तर माशाला वाटावं, खरंच किडा पडला. गांडूळ नाही, कणीक नाही, काही नाही. ती माशी लांब दोरानं हवेतून नेऊन पाण्यावर अलगद टेकवायची, ही त्यांची विद्या. मग संस्थानं विलीन झाली. हत्ती गेले, घोडे गेले, मामांची नोकरीही गेली. नव्या सरकारच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, "हुद्दा?" मामा छाती काढून म्हणाले, "माशी बांधणारा." कारकुनानं वर न बघता सांगितलं, "माश्या मारायला इथं पुष्कळ आहेत, बांधणारा नको." हे ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

त्यांचा मुलगा नागपूरला नोकरीला चिकटला होता, तो बोलवत होता. पण आधी मामा आमच्याकडे बुऱ्हाणपूरला आले, कारण इथं नदी होती. आमच्याकडे म्हणजे राजपुऱ्यात, आमच्या गल्लीत खोली घेऊन. भाची दिलेल्या घरचं पाणी प्यायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून रोज आमच्या ओट्यावर येताना स्वतःचा भरलेला तांब्या घेऊन यायचे. बायको म्हणायची, "मामा, निदान चहा तरी!" तर म्हणायचे, "पोरी, चहात पाणी असतंच ना गं?" उन्हाळ्यात तांब्या संपला की तहानेनं जीभ बाहेर यायची, पण खोलीपर्यंत जाऊन भरून आणायचे. त्यांचा दोर रेशमाचा होता. तो रोज संध्याकाळी वाळवावा लागे, म्हणून अंगणात दोन खुंट्यांना ताणून ठेवायचे. एकदा शेजारणीनं त्याच्यावर नवऱ्याचं ओलं धोतर टाकलं. मामा धावत आले, धोतर दोन बोटांनी उचललं आणि इतक्या नम्रपणे म्हणाले, "बाई, हा दोर महाराजांच्या पाहुण्यांचा आहे," की ती बिचारी महिनाभर त्या अंगणातून पदर सावरून जायची.

असा माणूस मला शिकवायला लागला. का, तर मी एकदा सहज म्हणून गेलो, "त्यात काय मोठं? माझा हात रोज धोटा फेकतो." झालं! दुसऱ्या दिवशी अंगणात पितळी परात ठेवली, दोराच्या टोकाला कापसाचा बोळा बांधला आणि म्हणाले, "जावईबापू, तो बोळा परातीत टेकवा." त्या दिवशी बोळा छपरावर गेला, गायीच्या शिंगावर गेला, बायकोच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत गेला, परातीत काही गेला नाही. माझी चूक एकच होती आणि ती विणकराचीच होती. मागावर धोटा उजवीकडून गेला की लगेच डावीकडून परत. मागावर थांबेल तो उपाशी मरेल. आणि मामांची विद्या सगळी थांबण्यात होती. दोर मागे गेला की तो पाठीमागे हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढं फेकायचं. मी थांबतच नव्हतो. दोर चाबकासारखा कडाडायचा.

दुसरा कोणी असता तर त्यांनी काठीनं बडवला असता. पण मी जावई! जावयाला रागवायचं कसं? मग ते काठीला रागवायचे. "नालायक काठी! जावईबापूंचं ऐकत नाही!" दोराला म्हणायचे, "गाढवा, तुला उलगडायला वेळ लागतो हे त्यांना सांगता येत नाही?" मी सगळं समजत होतो, आणि तोऱ्यात उभा राहत होतो. काठीचा दोष असेल तर मी काय करणार?

पुढं नदीवर जायला लागलो. घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं माणसं कमी. पहिल्याच दिवशी माझा गळ मागच्या पायवाटेनं जाणाऱ्या जसोंडी गावच्या एका केळीवाल्याच्या टोपीत अडकला. त्यानं टोपी सोडवली, माझ्या हातात गळ दिला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, नदी तठे शे, मी अठे शे." हे गावभर झालं. घाटावर धुणं धुणारे ओरडायचे, "क्यों भाई, मच्छी पकड रहे हो कि मच्छर उडा रहे हो?" मामा हसायचे, मला हसता येत नव्हतं. त्यात मामांनी एक दिवस सांगितलं, "मुलाची पत्रावर पत्रं येतायत. पण तुम्हाला माशीवर एक मासा लागला की मगच जाईन. ही कला कुणाच्या तरी हातात ठेवून जायचीय. राजाकडं ठेवली ती बुडाली."

पावसाळा गेला, हिवाळा सरत आला, मासा काही लागेना. आणि माझी फजिती रोज नवी.

आमच्या घाटावर माणसं माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. पुण्याचं काम. पिढ्यान्‌पिढ्या खाऊन ते मासे इतके निर्धास्त की पायाशी येऊन तोंड उघडतात. त्यांना कोणी गळ दाखवत नाही. एका सकाळी मामा वर पायरीवर सूर्याला अर्घ्य देत होते, धुणारे नेहमीसारखे टोचून बोलत होते, आणि मी बायकोनं माशांना घालायला दिलेल्या कणकेतली चिमूटभर माशीवर दाबली. दोर फेकलासुद्धा नाही. पायाशी सोडला. पायलीएवढं तोंड उघडून मासा आला आणि लागला.

केवढा आरडाओरडा झाला! धुणारे धुणं टाकून धावले. मामा ओल्या धोतरानं पायऱ्या उतरले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मासा पाण्यातच धरला, गळ सोडवायला त्याच्या तोंडात बोट घातलं, आणि बोट तिथंच थांबलं. बोटाला कणीक लागली होती. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी दुसरीकडं. मग ती माशी त्यांनी पाण्यात बुचकळून स्वच्छ केली, मासा सोडून दिला आणि लोकांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "जावईबापूंचा पहिला मासा, तो तापीमायला परत!" लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. परत येताना ते काठीला काही बोलले नाहीत, दोरालाही नाही.

चौथ्या दिवशी टांगा दारात आला. शब्द दिला होता, मासा लागला होता, आता राहायला कारण नव्हतं. तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक होतं: मामा, तो खोटा होता, थांबा. एवढं म्हटलं असतं तर ते थांबले असते, मला खात्री आहे. पण जावयानं मामासासऱ्यापुढं मान खाली घालायची? मी मनात म्हटलं, ते बोलतील तर बोलू. ते दारात उभे राहिले. "येतो जावईबापू," म्हणाले. मी मागावर बसलो होतो. धोटा थांबवला नाही. मान तेवढी हलवली. ते आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग टांग्याची घंटी वाजली.

काठी आणि माश्यांचा डबा ते भाचीजवळ ठेवून गेले होते. "जावईबापूंचा हात तयार आहे, फक्त मागं थोडं थांबायचं," एवढाच निरोप.

तीन वर्षांनी, घाटापासून पार लांब, एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी मी दोर मागे नेला आणि थांबलो. हाताला कळलं, तो उलगडला. माशी पाण्यावर टेकली, आणि वीतभर लांबीचा एक मासा तिला लागला. आसपास कोणी नव्हतं. मी तसाच ओल्या पायांनी पोस्टात जाऊन कार्ड आणलं. माझं अक्षर वाईट, पण दुसऱ्याकडून लिहवण्यासारखं नव्हतं. "मामा, मासा लागला" एवढंच लिहायचं होतं. पण तसं लिहिलं म्हणजे पहिला लागला नव्हता हे कबूल करणं आलं. ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, तरी माझ्या हातून ते लिहवेना. कार्ड मागाच्या खाली ठेवलं. उद्या लिहू, परवा लिहू. मग एक दिवस नागपूरहून त्यांच्या मुलाचंच कार्ड आलं, वरचा कोपरा फाडलेलं. मयताचं कार्ड असं फाडून धाडतात, ते वाचावं लागत नाही.

आता दोर फेकायला खांदा उठत नाही. तरी सकाळी घाटावर जातो, सर्वात खालच्या पायरीवर बसतो आणि माशांना गोळ्या घालतो. ते पायाशी येतात, तोंड उघडतात, त्यांना काही आठवत नाही. बायको रोज कुरकुरते, "अहो, चार गोळ्यांना एवढी कणीक लागते का?"

मी म्हणतो, "लागते. मळ अजून थोडी."