दहा मिनिटं पुढं

नवरा गेला की आमच्यात बाईनं इद्दतीला बसायचं. चार महिने दहा दिवस फाटकाबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, कुणाच्या लग्नाकार्याला जायचं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. खरं सांगू, मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मयताच्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "रड गं बाई, मोकळी हो." आणि मी दारात त्यांच्या चपला कशा वाकड्यातिकड्या पडल्यात ते बघत बसले होते.

माझ्या लेकीला ह्याचीच धास्ती. ती घरूनच कॉम्प्युटरवर काम करते, त्यामुळं चोवीस तास माझ्यावर पहारा. "अम्मी, तू रडली नाहीस तर आजारी पडशील." तिनं मोबाईलवर कुठंतरी वाचलं की घरात अडकलेल्या माणसानं रोज एक तरी नवी गोष्ट करावी, म्हणजे मन जागं होतं. झालं! घेतलं डोक्यात. एक दिवस उशी पायथ्याला. एक दिवस जेवण मागच्या पायरीवर, खंडाळ्याकडं जाणाऱ्या टूरिस्टांच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत. एक दिवस चहात दालचिनी, ती तर मी सरळ मोरीत ओतली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझं नवं नऊ मिनिटंही टिकेना.

"काही वाटतंय का?" ती रोज विचारायची.

"काय वाटायचंय?"

तिचं तोंड एवढंसं व्हायचं. मला ते दिसायचं, पण आत काही हलायचं नाही.

तिसऱ्या महिन्यात तिलाही काही सुचेना. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली.

आमचे हे रेल्वेत, घाटातल्या रुळांच्या कामावर. मूळचे गावाकडचे, बोलणंही तसंच. कामावर उशीर नको म्हणून त्यांनी लग्नानंतर लगेच घड्याळ दहा मिनिटं पुढं करून ठेवलेलं. मी चिडायचे, "सगळ्या गावाहून आपलंच घर वेगळं कशाला?" तर म्हणायचे, "गाडी काय आपल्यासाठी थांबती व्हय?" नमाजाला मशिदीची अजान, बाकी सगळ्याला हे खोटं घड्याळ. त्यात संध्याकाळचे साडेपाच झाले की मी चहा ठेवायचे. चहा वर यायला लागला की हे परतायचे, फाटकाची कडी वाजायची. कधी चुकलं नाही. ते गेल्यावरही साडेपाचला माझे हात आपसूक पातेलं चढवत होते.

"आजची नवी गोष्ट," असं म्हणून लेकीनं स्टुलावर चढून घड्याळ दहा मिनिटं मागं घेऊन बरोबर केलं आणि दूध आणायला गेली. करू दे म्हटलं.

घड्याळात साडेपाच झाले. मी पातेल्यात पाणी ओतलं, गॅस पेटवला. आणि फाटकाची कडी वाजली.

"अहो, थांबा जरा!" मी ओट्याजवळूनच ओरडले. "अजून आधणसुद्धा आलं नाही. आज दहा मिनिटं लवकर कसे सुटलात?"

मी वळून बघितलं तर दारात लेक, हातात दुधाची पिशवी.

"अम्मी, मी आहे," ती म्हणाली.

मी ओट्याला धरून खाली बसले आणि असा हंबरडा फोडला की शेजारच्या दोघी पदर सावरत धावत आल्या. तीन महिन्यांचं सगळं एकदम. लेक माझ्या गळ्यात पडून रडत होती, आणि मधेच, देवाशपथ, हसतही होती. पोरीला जे हवं होतं ते मिळालं होतं ना.

जरा दम खाल्ल्यावर तिनं माझ्याच पदरानं माझं तोंड पुसलं. पाणी आटून पातेलं करपायला आलं होतं. तिनं गॅस बंद केला.

"गॅस राहू दे," मी म्हणाले. "आधी ते घड्याळ पुढं कर. माणूस दारात यायच्या आत चहा व्हायला पाहिजे."