साडेसहाची मालिका आणि कुंताबाईची चक्की

सानगडीत कुंताबाई कापगतेला बसलेलं पाहिलेली माणसं फार थोडी. पिठाच्या गिरणीला तिथे चक्की म्हणतात, आणि चक्की चालवणारी बाई उभीच असते. एका हातानं वरच्या तोंडात धान्य सोडायचं, दुसऱ्या हातानं खालची कापडी पिशवी झटकायची आणि तोंडानं न्याय करायचा. कारण डबे रांगेत असतात, पण डब्यांच्या मालकिणी रांगेत नसतात. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. नाकाडोंगरीहून लग्न होऊन आली तेव्हा बाई सावळी होती म्हणतात. आता खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही.

चक्की खरं तर सासऱ्यानं मुलासाठी टाकली होती. मुलगा म्हणजे कुंताबाईचा नवरा, श्रावण. पण श्रावणला पिठाची ॲलर्जी निघाली. कोणत्या डॉक्टरनं सांगितली ते कधी बाहेर आलं नाही. धान चुरताना उडणाऱ्या भुशानं त्याला काही होत नसे, पानठेल्यावरच्या तंबाखूच्या खर्ऱ्यानं तर मुळीच नाही. चक्कीचा पट्टा फिरला की मात्र शिंका. मग शेती त्यानं बघायची आणि चक्की बायकोनं, अशी वाटणी झाली. त्यात रोवणी-निंदणीला शेतावरही कुंताबाईनंच जायचं, हे वाटणीत कुणी बोललं नव्हतं, ते आपोआप झालं.

तर या बाईचा दिवस पहाटे सुरू व्हायचा आणि रात्रीच्या भांड्यांवर संपायचा. मध्ये एकच जागा रिकामी होती. संध्याकाळची गर्दी उरकून चक्की बंद व्हायची, भात चुलीवरून उतरायचा आणि आठला कुंताबाई टीव्हीसमोर पाय पसरून बसायची. साडेआठपर्यंत. तेवढा अर्धा तास तिला कुणी हाक मारायची नाही. घरात देवाधर्माचे नियम मोडले जात, हा मोडला जात नसे. ऐंशीच्या घरातली सासू गिरजाबाई, जिला दिवसभर दर घटकेला पाणी, पंखा नाहीतर चष्मा लागायचा, तीसुद्धा या अर्ध्या तासात तहान आवरून धरायची.

आठला लागायची ती दोन जावांची मालिका. नाव लांब होतं आणि मालिका त्याहून लांब. थोरली जाऊ धाकटीच्या खिरीत काहीतरी कालवायची आणि ती खीर दिवाळीपासून होळीपर्यंत कुणाच्या तोंडाला लागली नव्हती. दोघी रात्री झोपतानाही पैठणी आणि नथ घालून झोपत. हा शुद्ध येडेपणा आहे हे कुंताबाईला कळत होतं. ती काही भोळी नव्हती. पण त्या अर्ध्या तासात तिचे गुडघे तिच्याशी बोलायचे थांबत. मालिकेला तिच्याकडून एवढंच काम होतं.

सात-आठ वर्षांपूर्वी एक दिवस भंडाऱ्याहून धम्मदीप नावाचा पोरगा आला. शर्ट खोचलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. कोण काय बघतं याची मोजणी करणारी त्याची कंपनी. देशात अशी काही थोडी घरं निवडतात, त्या घरांतल्या टीव्हीला एक डबा लावतात आणि त्यावरून मुंबईत ठरतं, कोणती मालिका वर आणि कोणती खाली. सानगडीतून कापगत्यांचं घर निघालं होतं.

"एक नंबर काकाजीचा, दोन तुमचा, तीन आजीचा," रिमोट दाखवत तो म्हणाला. "टीव्हीपुढं बसलं का आपला नंबर दाबाचा, उठलं का पुन्हा दाबाचा. पाहुणा असन तर हे वेगळं बटन. आणि काकू, गावात कोनाले सांगाचं नाही हां."

श्रावणनं मान हलवली आणि त्याच संध्याकाळी पानठेल्यावर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चक्कीवर बायका कुंताबाईशी जरा अदबीनं बोलू लागल्या.

आणि नेमकं तेव्हाच वर मुंबईत युद्ध पेटलं. दुसऱ्या एका वाहिनीनं बरोबर आठला भुताची मालिका लावली. भूत बाई होती, देखणी होती आणि रोज वेगळी साडी नेसून लोकांना झपाटायची. दोन जावांना इतक्या साड्या कुठून आणायच्या? त्यांचा आकडा घसरला. वाहिनीच्या साहेबांनी घाबरून जावांना उचललं आणि संध्याकाळी साडेसहाला नेऊन टाकलं. आठला गाण्याची स्पर्धा आणली, ज्यात लहान मुलं रडत आणि परीक्षक त्यांच्याहून जास्त रडत. साडेसहाला सानगडीत काय चाललेलं असतं, याची त्या साहेबांना कल्पना असायचं कारणच नव्हतं. शेतावरून परतलेल्या बायका डबा घेऊन चक्कीवर येतात तीच ही वेळ. साडेसात वाजेपर्यंत कुंताबाईला नाक पुसायलाही फुरसत नाही.

बातमी कळली तेव्हा पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवून ती म्हणाली, "मंग मी कवा पाहू? आठले त्या पोट्ट्याहिचं रडणं आयकू का?"

"आता तर बंदच करतीन वो," शेजारची रुखमिणी म्हणाली. "साडेसहाले टाकलं म्हन्जे वृद्धाश्रमातच टाकलं समजा." आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "पन कुंताबाई, डब्बा तर तुमच्याच घरी हाये ना!"

नुकतीच ग्रामपंचायतीची निवडणूक झाली होती. मोजणी म्हटलं की मत, आणि मत म्हटलं की माणसं गोळा करणं, हे गावाला शिकवावं लागत नाही. रुखमिणीनं तिथंच हिशेब मांडला: साडेसहाला मालिकेला भरभरून मतं पडली की वाहिनीला समजेल, या जावा किती लाडक्या आहेत, मग त्यांना त्यांची आठची जागा सन्मानानं परत मिळेल. "नेत्याले नाही का, लीड देल्ली का मंत्रिपद भेटते. तसंच." चक्कीवर उभ्या असलेल्या एकीलाही यात खोट दिसली नाही. कुंताबाईलाही नाही, हे विशेष, कारण इतर वेळी ती डब्यात मूठभर कमी दळण असलं तरी बोलून दाखवायची.

झालं. साडेसहा वाजले की बायका डबे छपरीत रांगेला लावत आणि आत जाऊन टीव्हीपुढे बसत. पाहुण्यांचं बटण रुखमिणीच्या ताब्यात. प्रत्येकीचं वय विचारून ती टीव्हीच्या डब्यात घालायची, त्यावरून रोज दोन मिनिटं हाणामारी.

"पंचेचाळीस घाल."

"पंचेचाळीसचा तर तुवा पोरगा दिसते वो!"

कुंताबाई स्वतः काय करायची? हात झटकत आत यायची, आपला दोन नंबर दाबायची आणि चक्कीवर परत जायची. बसायची नाही, बसल्याची नोंद तेवढी करायची. तिच्या घरात, तिच्या टीव्हीवर, तिची मालिका गल्ली बघत होती, आणि ती भिंतीच्या अलीकडे त्यांचे गहू दळत होती. पट्ट्याच्या आवाजातून फक्त धडाम-धडाम संगीत ऐकू यायचं. साडेसातला ती विचारायची, "का झालं आज?"

"थोरलीनं खीर उचलली," रुखमिणी सांगायची.

"मंग?"

"ठेवली."

असे पाच-सहा आठवडे गेले. गुडघे ठणकायला लागले, तरी कुंताबाई म्हणायची, थोडे दिवस, एकदा आठला आली की झालं. आणि एका संध्याकाळी आतून टाळ्या ऐकू आल्या. बायका ओरडत होत्या. आपण जिंकलो हे तिला कळलं. पट्टा चालूच टाकून, हातभर पिठासकट ती आत धावली. पडद्यावर दोन्ही जावा हात जोडून उभ्या होत्या आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: प्रेक्षकांच्या प्रचंड प्रतिसादामुळे आता रोज एक तास, साडेसहा ते साडेसात.

टाळ्या एकेक करून थांबल्या. ज्यांना वाचता येत होतं त्यांच्या आधी, आणि मग इतरांच्या. एकटी गिरजाबाई वाजवत राहिली, कारण तिला ऐकू येत नव्हतं आणि चष्मा सापडला नव्हता.

त्याच आठवड्यात धम्मदीप आला. दारातच त्यानं विचारलं, "काकू, तुमच्या घरी रोज तेरवी हाये का? रोज नऊ-नऊ पाहुणे, तेही बायाच?"

कुंताबाईनं काही लपवलं नाही. सगळं सांगून वर त्यालाच फैलावर घेतलं. "इतक्या बाया बसवल्या, तरी आठले काहून नाही आणली?"

पोरगा हसू दाबत होता, पण जमलं नाही. "काकू, त्या डब्ब्याले तुमच्या मनातलं नाही समजत. कोन कवा बसला, तेवढंच समजते. साडेसहाले बसले म्हन्जे साडेसहाची वेळ आवडली."

"आवडली? मी तर तिकडं चक्कीवर होती!"

"दोन नंबर दाबलेला हाये रोज."

तिनं पदरानं हाताचं पीठ पुसलं. "म्हन्जे आठले आनाची असती, तर..."

"साडेसहाले टीव्ही बंद ठेवाचा होता. पन एका घरानं काही होत नाही काकू, बाकीच्या घराहीनं बी पाह्यलीच असन. तुमी जिवाले लावून घेऊ नका." असं समजावून त्यानं डबा सोडवला आणि पिशवीत घातला. नियम मोडला होता, घर रद्द झालं होतं. निघताना त्यानं चहा घेतला, तेवढा नियमात बसत असावा.

त्या रात्री कुंताबाईनं भात वाढला तो ताटावर आदळूनच. श्रावणनं ताट सरकवलं आणि म्हणाला, "जाऊ दे न. एका शिरेलसाठी कायले तोंड पाडून राहिली? बंद कर, संपलं."

चूक झाली. एरवी त्यानं हे म्हटलं असतं तर ती उठून भांडी घासायला गेली असती. पण मुंबईच्या साहेबांनी एका घोषणेत लाखो लोकांचे दिवस हलवलेले तिनं नुकतेच पाहिले होते. वेळा हलवता येतात, एवढं त्या खोक्यानं तिला शिकवलं होतं.

"उद्यापासून साडेसहा ते साडेसात चक्की तुमी पाहाची," ती म्हणाली.

"मी? मले ॲलर्जी हाये पिठाची."

"तोंडाले दुपट्टा बांधा."

"आन् पानठेल्यावर लोकं हासतीन ते?"

"आताबी हासतेतच. तुमी असता तवा तोंडावर नाही हासत."

श्रावणनं आईकडे पाहिलं. गिरजाबाईला या वेळी बरोबर ऐकू आलं होतं. तिनं भातावर वरण ओतून घेतलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी श्रावण चक्कीवर उभा राहिला. दगड किती जवळ घ्यायचे हे विचारायला त्याचा पुरुषार्थ आडवा आला, म्हणून पहिल्या चार डब्यांचा रवा निघाला. पाचव्या डब्याला त्यानं ज्वारीवरच गहू सोडले. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे शिंक एकही नाही. दुपट्ट्याआड फक्त शिव्या. डबे घेऊन आलेल्या बायकांनी हे सगळं पाहिलं, पण उद्यापासून तुम्हीच या असं कुंताबाईला एकीनंही म्हटलं नाही. त्या तिच्याच शेजारी बसल्या होत्या. आता मोजायला डबा नव्हता, मत नव्हतं, तरी आल्या होत्या.

कुंताबाई पाय पसरून बसली. तासाचा भाग. थोरलीनं खीर उचलली. जाहिराती झाल्या. थोरलीनं खीर धाकटीपुढे धरली, आणि मग घरातल्या अकरा माणसांचे चेहरे एकेक करून, प्रत्येकाचा तीनदा, दाखवण्यात आले. त्यातला नोकर तर कुणी आधी पाहिलाही नव्हता. अर्धा तास ताणून चालणारी गोष्ट एक तास ताणली की काय होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

"लई पानचट झाली वो," रुखमिणी जांभई देत म्हणाली.

छपरीतून श्रावण ओरडला, "अवो! पट्टा निसटला!"

"बसवा," कुंताबाई म्हणाली, मान न वळवता.

"कसा?"

"हातानं."

बाहेर काहीतरी आपटलं. रुखमिणीनं रिमोट उचलला. "काहीच होऊन नाही राह्यलं याच्यात. बंद करू का, कुंताबाई?"

"राहू दे," कुंताबाई म्हणाली. "मी बसली हाव."