मेली की प्याली

एका माणसाच्या ‘नको’चा मी भलताच अर्थ लावला. आयुष्यात मूर्खपणे पुष्कळ केले, पण हा सगळ्यांत मोठा. आणि तोही सासूबाईंच्या सारीपाटावर बसून.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हे रेल्वेत इंजिनियर, आम्ही लखनऊला आलमबागच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मी तेव्हा बिनबाह्यांचे ब्लाउज घालायचे आणि अख्ख्या लखनऊत आपल्याइतकी मॉडर्न मराठी बाई नाही, अशी माझी खात्री होती. दंड कसे दिसायचे ते फोटोत आहे. फोटो मी लपवून ठेवलाय.

सारीपाट सासूबाईंनी लग्नात दिलेला. लाल कापडाचा पट, लाकडी सोंगट्या, सहा कवड्या. शिवरात्रीच्या उपासाला वेळ जावा म्हणून त्या खेळायच्या. कवड्यांचं दान पडेल तितकी घरं सोंगटी पुढे न्यायची. दुसऱ्याच्या सोंगटीनं गाठलं की आपली मेली, पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात. होळीच्या दुपारी मी त्याला माझा नियम जोडला : ‘मेली की प्याली!’ ज्याची सोंगटी मरेल त्यानं एक प्याली रम प्यायची. रम लष्कराच्या छावणीतल्या ओळखीतून आलेली. बायकांना शिकंजी, म्हणजे तिकडचं लिंबू सरबत. माझ्या शिकंजीत मी हळूच दोन चमचे ओतून घेतले होते. नियम करणारीला कोण विचारतंय!

खेळायला चौघं. आम्ही दोघं आणि वरच्या मजल्यावरचं नागपूरकडचं जोडपं. भाऊजी ह्यांच्याच ऑफिसात. आत येतानाच त्यांच्या बायकोनं मला दाराशी बाजूला घेतलं होतं.

“वहिनी, यांना आग्रह नका करू जी.”

आता, आमच्या साताऱ्याकडे पंगतीत कोणी ‘आग्रह नको’ म्हटलं की त्याच्या पानात जिलबी जास्तच पडते. तिसऱ्या ‘नको’नंतर माणूस खरा जेवतो, हेच बघत मी मोठी झाले. मी हसून मान हलवली आणि विसरले.

तिसऱ्याच दानाला माझ्या सोंगटीनं भाऊजींची सोंगटी मारली.

“मेली! घ्या प्याली!”

“नको वहिनी. मला शिकंजी द्या.”

“शिकंजी बायकांची. बांगड्या पण आणू का?”

“खरंच नको.”

“हे दुसरं झालं. अजून एकदा म्हणा, म्हणजे काठोकाठ भरते.”

“अगं, जाने दे ना,” हे म्हणाले.

मी कशाला ऐकतेय! जिलबी भरवावी तशी प्याली मी भाऊजींच्या ओठांशी नेली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पटाकडे बघत राहिली. प्याली रिकामी झाली आणि मी टाळ्या वाजवल्या.

मग मला आग्रह करावाच लागला नाही. भाऊजी आपली सोंगटी मुद्दाम माझ्या सोंगटीपुढे आणून ठेवू लागले.

“अहो, मरेल ती!” मी ओरडले.

“मरू द्या वहिनी. मरू द्या.”

आम्ही दोघं नवरा-बायको हसून हसून लोळलो. चारच्या सुमाराला ह्यांनी बाटलीला बूच लावलं. भाऊजींनी ते काढलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. तेव्हा कुठे माझं हसू थांबलं. त्यांची बायको तेवढी हसली नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं. इतकी हुशार मी!

पुढचे आठ दिवस भाऊजी कामावर गेले नाहीत. जिन्यावर पाऊल वाजलं की मी दार लोटून घ्यायचे. शेवटी लाज झाकायला पुरणपोळ्यांचा डबा वर पाठवला. हो, पुरणपोळ्या. सुधारायचं नावच नाही.

दुसऱ्या दिवशी ती डबा परत द्यायला आली. डबा घासून-पुसून लख्ख, आणि रिकामा.

“मला माहीत नव्हतं गं,” मी म्हटलं. धडधडीत खोटं. दाराशी सांगितलं होतं तिनं, साध्या सरळ मराठीत.

तिनं ते खोटं पकडलं नाही, भांडलीही नाही. डबा माझ्या हातात दिला. पट अजून दिवाणावर तसाच पडला होता, त्यावर प्यालीचे गोल डाग. त्याकडे बघत ती म्हणाली,

“मागच्या होळीला सोडली होती यांनी. तुमच्या खेळात मेलेली सोंगटी पुन्हा पहिल्या घरातून काढता येते ना वहिनी? काढतो आम्ही. पण आता आम्हाला खेळायला नका बोलवू.”