मगदूम आण्णांची गोळी

रात्रपाळी करून आलेल्या माणसाची दुपारची झोप ही झोप नसतेच. अंग गादीवर पडलेलं असतं आणि कान अजून वॉर्डात फिरत असतात. तृप्ती चौगुले हॉस्टेलच्या खोलीत, खिडकीला ओढणी लावून, डोक्यावरून चादर ओढून पडली आहे. खाली मेसमध्ये कुकरच्या शिट्ट्या होताहेत, कुणीतरी बादली फरफटत नेतंय, आणि प्रत्येक आवाजात तिला एकच हाक ऐकू येतेय, सिस्टर, सलाइन संपलं. ती मनातल्या मनात उठते, सलाइन बदलते आणि पुन्हा आडवी होते.

संध्याकाळी तिला मेट्रन मॅडमपुढं उभं राहून सांगायचं आहे, कायमचा विभाग कुठला घेणार. नर्सिंगची परीक्षा झाली, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं, या वॉर्डातून त्या वॉर्डात फिरवून झालं. आता एक जागा धरायची. तृप्तीनं ऑपरेशन थिएटर धरायचं ठरवलंय. मैत्रिणींना ती म्हणते, तिथं शिकायला खूप मिळतं. खरं कारण निराळं आहे आणि ते ती चादरीखालीसुद्धा स्वतःला नीट सांगत नाही. थिएटरमध्ये माणूस भूल दिलेला असतो. त्याला हातात गोळी द्यायची नसते आणि ती त्यानं गिळली का, हे बघत बसायचं नसतं.

पापण्या जड होतात. कुकर गप्प होतो. पलीकडची कॉट करकरते.

ती नसीमची कॉट, आणि नसीम तर सकाळीच ड्युटीवर गेलीय. तृप्ती चादरीची कड जराशी खाली करते.

"जागी हाईस, का सोंग घेतलंयस?" मगदूम आण्णा विचारतात.

ते कॉटच्या काठावर बसलेत. अंगात दवाखान्याचा हिरवा सदरा, डोक्यावर घरची पांढरी टोपी. तृप्ती आधी त्यांच्या छातीकडं बघते, श्वास चालू आहे का. सवयच ती. छाती हलत नाही. मागच्या आठवड्यात याच माणसाचे डोळे तिनं मिटले होते, पायाच्या अंगठ्याला नावाची चिठ्ठी बांधली होती. मग हे इथं कशाला आलेत? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. गेलेली माणसं उगाच कुणाच्या खोलीवर येत नाहीत.

"लेडीज हॉस्टेल आहे, आण्णा. तुम्हाला वर कुणी सोडलं?"

"मला कोण आडवतंय?" ते खोलीभर नजर फिरवतात, कपाटामागंसुद्धा. "तू माझ्यापास्नं काय लपवतीस, ते बघाय आलोय."

लपवण्याची गोष्ट कुणी काढावी, तर आण्णांनी! हा गृहस्थ जन्मभर सांगलीच्या हळदीच्या बाजारात मापाडी. पोती तोलता तोलता त्याची पक्की समजूत झालेली, की जगातला प्रत्येकजण काट्याला हळूच बोट लावून उभा आहे. हृदयाचं दुखणं घेऊन मेडिसिन वॉर्डात आल्यावर त्यांनी डॉक्टरांनाही त्याच मापात धरलं. काल गोळी पिवळी होती, आज पांढरी कशी? ही मलाच का, शेजारच्याला का नाही? वर पाणी पिऊन दाखवायचे, "घेतली बघ" म्हणायचे आणि गोळी गालात दाबून ठेवायचे. पाठ फिरली की कॉटमागं थुंकायचे. झाडणाऱ्या मालनमावशींना त्या सापडायच्या. म्हणून मोठ्या सिस्टरनी नव्या पोरींना बजावलं होतं, मगदूमांना गोळी देऊन लगेच हलायचं नाही. तोंड उघडायला लावायचं, जीभ वर करायला लावायची, मगच पुढच्या कॉटकडं जायचं.

त्या रात्रीच्या पहिल्या फेरीत तृप्तीनं रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. तेवढ्यात शेजारच्या कॉटवरून हाक आली, सिस्टर, सलाइन संपलं. ती वळली. सकाळ व्हायच्या आत आण्णा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयात काही उरलंच नव्हतं, आज नाही तर उद्या. तृप्तीनं कॉटमागं वाकून पाहिलं, तर फरशी नुकतीच पुसून झालेली. गोळी दिली, हे खरं. गिळली का, हे कुणालाच ठाऊक नाही, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागत नाही.

"मी काही लपवत नाही," ती म्हणते आणि चपला शोधायला वाकते.

चपला सापडत नाहीत, कारण कॉटखाली हळद आहे. सगळ्या फरशीवर पिवळा ढीग पसरलाय. खोलीच्या भिंती लांब गेल्यात आणि वर बाजारातल्या शेडचे पत्रे दिसताहेत. पत्र्याखाली वॉर्डातल्या कॉटा ओळीनं मांडल्यात, प्रत्येकीवर एकेक पोतं झोपवलंय आणि पोत्यांना सलाइन लावलंय. तृप्तीला यात काही वावगं वाटत नाही. कुठलं सलाइन संपत आलंय, तेवढं ती बघून घेते.

मधोमध टेबल आहे. टेबलावर हिरवं कापड, मागं एका पोत्यावर आण्णा. तृप्ती टेबल ओळखते. तोंडी परीक्षेचं आहे.

"नाव?"

"तृप्ती चौगुले. तुम्हाला माहीत आहे की."

"मला म्हाईत असलेलं खरं असतंय असं न्हाई. पास झालीस म्हणं?"

"झाले. पहिल्या वर्गात."

"वशिला कुणाचा?"

"आण्णा!"

"नुसतं इचारलं. राग कशाला यावा?" आण्णांच्या बोलण्यात कुठंतरी पाणी मुरतंय. "गोळी द्यायचं नियम सांग."

हे तिला झोपेत विचारलं तरी येतं, आणि झोपेतच विचारलंय. ती घडाघडा म्हणते, "योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग."

"फुडं?"

"झालं. एवढेच आहेत."

"मार्ग म्हंजे?"

"तोंडावाटे."

"कुठवर?" आण्णा पुढं वाकतात. डोळे बारीक होतात. "गालापातूर, का पोटापातूर?"

म्हणजे यासाठीच आलेत तर! जाब विचारायला. किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वतःची लबाडी तिच्या गळ्यात मारायला. तृप्तीला एकदम राग येतो, आठवडाभर दाबून ठेवलेला.

"गोळ्या तुम्ही थुंकायचात, मी नाही. अख्खा वॉर्ड होता माझ्यामागं. एकट्या तुमच्या तोंडाची राखण करत बसू?"

"म्हंजे तुला संशय हाय."

"तुम्हाला नाही?"

"मला हाय की. पर दुसराच." ते इकडंतिकडं बघतात आणि आवाज उतरवतात. "माझी लेक आली ती पायापाशी बसून रडली. माझ्याशी शबूद बोलली न्हाई. तू आलीस, पडदा वढलास. डाक्टर तर माझ्याकडं बघंचना. समदी मिळून मला वगळून कायतरी ठरवताय. काय शिजतंय, सांग."

तृप्तीचा राग जागच्या जागी विरतो. आण्णांना माहीतच नाही. इतकी माणसं त्यांच्याभोवती उभी होती आणि त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही. तिला फार वाईट वाटतं. तोंडातून मात्र तेच वाक्य बाहेर पडतं, जे नव्या पोरींना पहिल्या दिवसापासून पाठ असतं.

"ते डॉक्टर सांगतील, आण्णा."

"डाक्टर हितं न्हाई. तू हाईस."

हळद संपलीय. पायाखाली थंडगार गुळगुळीत फरशी आहे आणि तृप्तीच्या पाठीशी ऑपरेशन थिएटरचं दार आहे. वर लाल दिवा लागलाय. दार जरासं उघडं आहे, आतून गार हवा येतेय, आणि आत कुणीही बोलत नाहीये. आतली सगळी माणसं गाढ झोपलेली आहेत. कुणी तिला काही विचारणार नाही, कुणी तिच्याकडं संशयानं बघणार नाही. फक्त एक पाऊल मागं घ्यायचं. तिचा हात दारावर गेलासुद्धा आहे.

आण्णा व्हीलचेअरवर बसून तिच्याकडं बघताहेत. टोपी त्यांनी हातात घेतलीय. टोपीवाचून ते अगदी लहान दिसतात.

तृप्ती दार सोडते.

"आपण सौदा करू," ती म्हणते. "मी तुम्हाला खरं सांगते. मग तुम्ही मला एक खरं सांगायचं."

"आधी तू."

"आधी तुम्ही."

"मी मापाडी हाय. आधी माल बघतो, मग बोलतो."

त्यांच्याशी कोण वाद घालणार! ती त्यांच्यासमोर उकिडवी बसते आणि त्यांचं मनगट हातात घेते. नाडी लागत नाही. तरी ती बोटं काढून घेत नाही.

"आण्णा, तुम्ही गेलात."

"कुठं?"

"वारलात. मंगळवारी पहाटे."

आण्णा बराच वेळ टोपीची घडी घालत बसतात. घडी नीट बसत नाही म्हणून मोडतात, पुन्हा घालतात. खोटं ठरवायला काहीतरी शोधत असावेत. सापडत नाही.

"आसं व्हय," ते शेवटी म्हणतात. "आन् मला कुणी सांगितलं न्हाई."

"चुकलं आमचं."

"लई तरास झाला का मला?"

"थोडा वेळ झाला. मग नाही."

"तू हुतीस?"

"होते. तुमचा हात धरून होते."

"मग ठीक," आण्णा म्हणतात, आणि तृप्तीला रडू फुटतं. वॉर्डात ती रडली नव्हती. तिथं वेळच नव्हता. आता ती पोटभर रडते आणि आण्णा तिला रडू देतात. फक्त मधूनमधून निरखून बघतात, हे खरं रडणं आहे ना.

डोळे पुसून ती म्हणते, "आता तुमची पाळी. त्या रात्रीची गोळी गिळलीत का?"

आण्णा हसतात. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसताना दिसतात. वरचे पुढचे दोन दात नाहीत.

"गिळली म्हटलं, तर तुझा इस्वास बसंल?"

तृप्ती विचार करते. "नाही."

"न्हाई गिळली म्हटलं, तर?"

"तरी नाही."

"मग माझ्या सांगण्याला काय किंमत? तूच बघ की. शिकलेली हाईस." आणि आण्णा आ वासतात.

आत अंधार आहे. तृप्ती टॉर्चसाठी खिसा चाचपते, पण अंगात गाऊन आहे, खिसाच नाही. ती आणखी जवळ जाते. एक गाल दिसतो, रिकामा. दुसराही रिकामा. "जीभ वर करा," ती म्हणते. आण्णा करत नाहीत. जिभेच्या कडेला, खाली, पांढरं काहीतरी चमकतंय. गोळी असेल. थुंकीचा बुडबुडाही असेल. आणखी नुसतं बोटभर अंतर. ती पटकन बोट आत घालते.

आण्णा करकचून चावतात.

"आई गं!"

"सांगून घातलंस का?" बोट सोडून आण्णा कडाडतात. "डोळं मिटलंस तवाबी न्हाई सांगितलंस. जिता न्हाई म्हणून काय झालं? आधी सांगायचं, मग हात लावायचा!"

"तृप्ती! ए तृप्ती! केवढ्यानं ओरडतीस!"

उघड्या दारातून खोलीत भक्क उजेड आलाय. दारात नसीम एका पायात बूट घालून उभी आहे, दुसरा तिच्या हातात. तृप्ती उठून बसलीय आणि उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत गच्च धरलंय. बोट ठसठसतंय.

नसीम येऊन मूठ सोडवते. "अगं, रक्त आलंय की! झोपेत स्वतःचंच बोट चावलंस?"

तृप्ती खिडकीवरची ओढणी बाजूला करते आणि बोट उजेडात धरते. नखाच्या मागं दातांची ओळ उमटलीय. डावीकडं खोल खुणा, उजवीकडं खोल खुणा, आणि मध्ये दोन दातांपुरती कातडी साफ, वळसुद्धा नाही. ती जीभ आपल्या वरच्या दातांवरून फिरवते. सगळे जागच्या जागी आहेत. खात्री पटत नाही म्हणून ती पुन्हा एकदा फिरवते.

"काय बघतीस एवढं?" नसीम बूट काढत म्हणते. "तोंड धू आणि पळ. मेट्रन मॅडम लवकर आल्यात, एकेकीला बोलावताहेत. तुझं थिएटरच ना?"

जिभेखाली काय होतं, ते दिसलं नाही. आता ते कधीच दिसणार नाही, आणि डॉक्टरांनी कितीही समजूत घातली तरी ही शंका तिच्यासोबत निवृत्तीपर्यंत नोकरी करणार आहे. तृप्तीला हे आत्ता, ऊन अंगावर पडलेलं असताना, अगदी स्पष्ट कळतं. भीती वाटते. पण पळून जावंसं वाटत नाही.

"नाही," ती म्हणते. "मेडिसिन वॉर्ड."

"डोकं फिरलंय का तुझं? जन्मभर म्हाताऱ्यांना जिभा वर करायला लावणार?"

"हो. आधी सांगून."

नसीमला काही उमजत नाही. तृप्ती मोरीत जाते, नळ सोडते आणि बोट धारेखाली धरते. चांगलंच झोंबतं.